दारावरचा डोळा कोणावर?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, गेल्या काही वर्षांत एक नवे यंत्र घराघरांत शिरले आहे. सिडकोच्या जुन्या वसाहती असोत, गारखेडा-उल्कानगरीतील बंगले असोत, की बीड बायपासच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या इमारती असोत. फाटकावर, जिन्यात, दिवाणखान्यात आणि आता स्वयंपाकघरातही बिनतारी कॅमेरा दिसू लागला आहे. दीड-दोन हजार रुपयांत तो मिळतो. भिंतीत गिट्टी ठोकून दोन स्क्रू पिळले, मोबाइलवर ॲप उतरवले, घरातल्या वायफायशी त्याची गाठ घालून दिली, की अर्ध्या तासात घर सुरक्षित झाले असे समजले जाते. मिक्सर वा कुकर यावा इतक्या सहजपणे घरात येणाऱ्या या वस्तूचा राजकीय विचार करण्याचे प्रयोजन काय, असे आपल्यातीलच काही मित्र विचारतील. प्रयोजन आहे. सुरक्षितता ही समाजाची सामायिक जबाबदारी आहे की ज्याच्या खिशात पैसे असतील त्याने बाजारातून आणावयाची चीज आहे, हा प्रश्न या बोटभर काचेत दडलेला आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, या काचेतून कोण पाहतो आणि कोण पाहिला जातो?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॅमेरा बसविणाऱ्याची भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करणे आपल्याला शोभणारे नाही. नवरा-बायको दोघे नोकरीवर, मुले पुण्याला किंवा परदेशी, घरात एकट्या वृद्ध आई-वडिलांचे वास्तव्य किंवा सरळ कुलूप, हे आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे चित्र आहे. मे २०२५ मध्ये वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरात एका उद्योजकाचे कुटुंब परदेशी गेलेले असताना त्याच्या बंगल्यावर दरोडा पडला व किलोंनी सोने-चांदी गेली. अशी बातमी वाचल्यावर माणूस दाराकडे दोनदा पाहणारच. ज्याला झोप लागत नाही त्याला व्याख्यान देऊन झोप लागत नसते. तेव्हा वाद भीतीशी नाही. वाद आहे तो त्या भीतीवर जे औषध विकले जात आहे त्याच्याशी.

या शहराला अशा औषधाचा अनुभव नवा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदून या गावाला पाणी दिले. आमच्या काळात पैठणला जायकवाडीचे प्रचंड धरण उभे राहिले. तरीही या शहराच्या नळांना वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. यावर लोकांनी काय केले? ज्याला शक्य होते त्याने जमिनीखाली हौद बांधला, गच्चीवर टाक्या चढवल्या, मोटार बसवली, बोअर घेतला, टँकर मागवला. प्रत्येकाने आपल्यापुरते पाणी सोडवले आणि सर्वांचे पाणी सुटण्याचा प्रश्न तेवढ्याच प्रमाणात मागे पडला. कारण ज्यांचा आवाज महापालिकेत ऐकू गेला असता त्यांची तहान खासगीरीत्या भागली होती. उरली ती झोपडपट्टीतील बाई, टँकरखाली हंडा धरून. पाण्याचे जे झाले तेच आता सुरक्षिततेचे होत आहे. रस्त्यावर दिवा नाही, गस्तीचा शिपाई दिसत नाही, चौकीत तक्रार घेताना टोलवाटोलवी होते, या तिन्ही गोष्टींविरुद्ध एकत्र उभे राहण्याऐवजी प्रत्येक घर आपल्या फाटकावर एकेक डोळा टांगून आत शिरते आणि दार लावून घेते. एप्रिल २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर या महापालिकेत वर्षानुवर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासक होता. गल्लीतला दिवा कोणाकडे मागायचा हेच नागरिकाला कळेनासे झाले होते. त्याच काळात स्मार्ट सिटीच्या योजनेतून चौकाचौकांत शेकडो कॅमेरे मात्र लागले. नागरिकाला विचारणारे सभागृह नाही, पण नागरिकाकडे पाहणारे यंत्र आहे, ही लोकशाहीची उलटी रचना होय.

आता हे औषध तरी गुणकारी आहे काय, ते पाहू. 'बिनतारी' हे नाव अर्धेच खरे आहे. चित्र तारेविना जाते. वीज तारेनेच येते. पुष्कळ इमारतींत विजेचे मीटर जिन्याखाली उघड्यावर असतात. तेथील खटका खाली ओढला की इन्व्हर्टर नसलेल्या घरातला कॅमेराही गेला आणि त्याला जोडणारे वायफायही गेले. आणि सर्व काही सुरळीत चालले तरी कॅमेरा चोराला पाहतो, अडवीत नाही. कडी त्याला अडवते, उजेड अडवतो, शेजारी अडवतो. जगभरातील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा गुन्हेशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आढळले की कॅमेऱ्यांमुळे गुन्हे काहीसे कमी होतात. सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसतो, निवासी भागांतही थोडा दिसतो, परंतु हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. त्याच आढाव्याचा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे: ज्या ठिकाणी कॅमेऱ्यावर माणसे प्रत्यक्ष लक्ष ठेवून होती आणि जोडीला इतर उपाय होते, तेथे परिणाम अधिक झाला. याचा अर्थ काय? कॅमेरा सार्वजनिक व्यवस्थेचा एक छोटा भाग म्हणून कामाचा. त्या व्यवस्थेच्या ऐवजी लावला, तर तो नुसता दिलासा.

'निदान पुरावा तरी मिळतो,' असे यावर म्हटले जाते. येथेही जरा थांबले पाहिजे. चित्रीकरण न्यायालयात केव्हा ग्राह्य धरावे याचा प्रमुख निवाडा आपल्या शेजारच्या जालन्याच्या एका निवडणूक तंट्यातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवावयाचे होते. औरंगाबाद खंडपीठातून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. आपल्या भिंतीवरील कॅमेऱ्याचे चित्र परदेशातील कोण्या कंपनीच्या संगणकात साठवले जात असेल, तर त्याचे प्रमाणपत्र आणायला गृहस्थाने कोणाचे दार ठोठवावे? चित्र घरातल्याच मेमरी कार्डावर असेल तर ते यंत्र उचलून न्यायालयात नेता तरी येते. विकणारा दुकानदार हा भेद सांगत नाही. कारण त्याला महिन्याच्या वर्गणीची साठवण विकायची असते.

साठवणीचा हा प्रश्न केवळ पुराव्यापुरता नाही. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांच्या बाबतीत आपण मोबाइलवर आपल्याच घराचे जे चित्र पाहतो ते कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येते. भिंत आपली, वीज आपली, पैसा आपला. किल्ली मात्र दुसऱ्याकडे. ती किल्ली कशी वापरली जाते याचे दाखले आहेत. ॲमेझॉनच्या मालकीच्या 'रिंग' या कॅमेरा कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मे २०२३ मध्ये कारवाई केली. आरोप असा होता की २०१७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने निदान ८१ ग्राहक स्त्रियांच्या शयनगृहांतील व न्हाणीघरांतील हजारो चित्रफिती चोरून पाहिल्या. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरच्या लक्षावधी कॅमेऱ्यांचा व तत्सम यंत्रांचा ताबा घेऊन अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. हे करणे अवघड गेले नाही. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक परवलीचे शब्द एकामागून एक घालून पाहण्याएवढीच ती करामत होती. मालकांनी ते शब्द बदललेच नव्हते.

हे परदेशचे झाले म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रे समाजमाध्यमांवर विकली जात असल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात अटक झालेल्यांमध्ये आपल्या लातूरचा आणि सांगलीचा तरुण होता. तपासात पुढे आले की रुग्णालयांप्रमाणेच अन्य ठिकाणच्या कॅमेऱ्यांतही असाच शिरकाव झाला होता. रुग्णांच्या सुरक्षिततेच्या नावाने बसवलेल्या यंत्रानेच त्यांची अब्रू बाजारात नेली. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षाविषयक चाचणी विक्रीपूर्वी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण त्यापूर्वी जे लाखो कॅमेरे भिंतींवर चढले ते तेथेच आहेत.

आतापर्यंत आपण मालकाच्या हिताचा विचार केला. आता जो मालक नाही त्याचा करू. फाटकावरचा कॅमेरा चोराकडे पाहतो असे म्हणता येईल. पण दिवाणखान्यातला आणि स्वयंपाकघरातला कोणाकडे पाहतो? चोर काही रोज सकाळी नऊ वाजता भांडी घासायला येत नाही. तो कॅमेरा पाहतो धुणे-भांड्याच्या बाईकडे, स्वयंपाकीणबाईंकडे, बाळ सांभाळणाऱ्या मावशीकडे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलीकडे. आणि पुष्कळदा तो सुनेकडेही पाहतो. मालकीणबाई कचेरीतून मोबाइलवर पाहतात आणि कॅमेऱ्यातल्या कर्ण्यातून विचारतात, 'मावशी, एवढा वेळ बसलात का?' मुकुंदवाडीतून चालत येऊन चार घरची कामे करणाऱ्या स्त्रीला श्वास घ्यायला जी दोन मिनिटे मिळत होती तीही या यंत्राने हिशेबात धरली. कारखान्यातला मुकादम निदान समोर उभा राहत असे. त्याच्याशी भांडता येत असे, त्याच्याविरुद्ध युनियन करता येत असे. भिंतीवरच्या मुकादमाशी भांडायचे कसे? तो दिसतो, पण त्यामागे या घटकेला कोणी आहे की नाही हे कळत नाही. म्हणून सारा वेळ कोणीतरी आहे असे धरूनच वावरावे लागते.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घर हे घरकामगार स्त्रीच्या कामाचे ठिकाण आहे असे मान्य केले. तरीही तिच्या कामाचे तास, रजा, वेतन यांना संरक्षण देणारा सर्वंकष केंद्रीय कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी केंद्राला समिती नेमावयास सांगावे लागले. आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा? व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागूच नाही, असे त्याच्या कलम ३ मध्ये लिहिले आहे. म्हणजे घर हे बाईच्या दृष्टीने कामाचे ठिकाण आणि कायद्याच्या दृष्टीने मालकाचा खासगी कोपरा! नेमक्या याच फटीत हा कॅमेरा बसवला जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मालकाला घराच्या आत मिळतो, आणि मोलकरणीने मात्र तो चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा काय?

घरातल्या घरातही हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. कोलकात्यात एकाच वास्तूत राहणाऱ्या दोघा भावांपैकी एकाने राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीवाचून कॅमेरे लावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो खासगीपणाचा भंग ठरवून कॅमेरे बंद करण्यास सांगितले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भावाची संमती लागते हे आता ठरले. मग कामाला येणाऱ्या बाईची, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची, ज्याच्या अंगणात आपल्या कॅमेऱ्याची नजर पोहोचते त्या शेजाऱ्याची संमती का लागू नये?

'ज्याने काही वावगे केले नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?' हा युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. तो खरा मानावयाचा तर सर्वांत आधी कोठे लागू करावा? ज्याच्या हाती काठी आहे आणि जेथे पाहणारा दुसरा कोणी नाही, तेथे. म्हणजे पोलिस ठाण्याच्या कोठडीत. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी नेमके हेच सांगितले. प्रत्येक ठाण्याचे दरवाजे, कोठड्या, बोळ आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या यांत रात्री दिसणारे व आवाज टिपणारे कॅमेरे असावेत, चित्रण अठरा महिने आणि ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपावे, त्यावर देखरेखीसाठी जिल्हा समिती असावी आणि तिच्यात महापौर वा जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असा तो आदेश आहे. पाच वर्षे होत आली तरी पालन होईना, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील कोठडी-मृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. दीड हजाराचा कॅमेरा मोलकरणीवर अर्ध्या तासात लागतो. फौजदारावर लावायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा हातोडा आपटावा लागतो!

आणि कॅमेरा असला तरी चित्रणाचा अर्थ कोण लावतो, हेही मराठवाड्याने पाहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मरण पावला. नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की चित्रणात मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे आलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. जुलै २०२५ मध्ये याच शहरातील खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकारचे त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. घरच्या कॅमेऱ्यात मावशीने डब्याला लावलेला हात दिसला की तो लगेच पुरावा होतो. कोठडीच्या कॅमेऱ्यात न दिसलेली मारहाण सत्तेसाठी तितकाच पक्का पुरावा होते. यंत्र तेच; ज्याच्या हाती ते असते त्याच्या बाजूने ते बोलते.

येथे कोणी म्हणेल की जुन्या गल्लीत ओट्यावर बसलेले डोळे काय कमी जाचक होते? मान्य आहे. त्या डोळ्यांनी तरुण मुलींचा, विधवांचा, दलित वस्तीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा छळ केला आहे. त्या गल्लीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ओट्यावरच्या माणसाला उलट विचारता येत असे, आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर तो धावूनही येत असे. काचेचा डोळा छळ करण्याचे काम चोख करतो आणि धावून येण्याचे काम मात्र करीत नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? 'कॅमेरे उखडा' अशी हाक देण्यात अर्थ नाही. भीती शिल्लक असेतोवर ती कोणी ऐकणार नाही. ज्याला लावायचा त्याने तो आपल्या दाराकडे तोंड करून लावावा. शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा सार्वजनिक रस्त्याकडे नव्हे. कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्या दिवशी बदलावा. चित्र मेमरी कार्डावर घरातच ठेवावे आणि काही दिवसांनी पुसावे. आवाज टिपण्याची सोय बंद करावी. घराच्या आत कॅमेरा नसावा. आजारी माणसासाठी वा तान्ह्या मुलासाठी तो अटळ असेल तर कामाला येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशीच तो दाखवावा, केव्हा चालू असतो ते सांगावे, आणि तिच्यावर आळ आला तर ते चित्रण पाहण्याचा तिलाही हक्क असावा. असा ठराव प्रत्येक वसाहतीच्या सोसायटीत मांडता येईल आणि घरकामगारांच्या संघटनांनी तो आपल्या मागण्यांत घालावा. ज्या मध्यमवर्गीय घरांतून आपले सहानुभूतीदार येतात त्या घरांपासूनच याचा आरंभ झाला पाहिजे. कामगाराच्या सन्मानावर बाहेर भाषण आणि घरात मावशीवर पहारा, हे एकत्र नांदू शकत नाही.

दुसरे काम वॉर्डातले. बंद दिव्यांची यादी करून महापालिकेच्या दारात न्यावी; गस्त कोणत्या रात्री कोठे झाली याचा जाब विचारावा; चोरीची तक्रार नोंदवून घेतली जात नसेल तर तक्रारदाराबरोबर चौघांनी ठाण्यात जावे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्याविषयी माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज द्यावा. कॅमेरे किती, चालू किती, बंद किती दिवसांपासून, चित्रण किती दिवस राहते आणि जिल्हा समितीची शेवटची बैठक केव्हा झाली? या पाच प्रश्नांना दहा रुपयांचा अर्ज पुरतो, आणि कॅमेरा किती स्वस्त झाला आहे हे ऐकून असलेल्या प्रत्येक गृहस्थाला हे प्रश्न समजतील. ज्या दिवशी शहरातला मध्यमवर्ग आपल्या मावशीवरची काच उतरवून ती कोठडीत लावण्याची मागणी करील, त्या दिवशी सुरक्षितता हा शब्द त्याला खऱ्या अर्थाने कळला असे म्हणता येईल.